दोन बायांची काठी

उनुकंचाला येऊन तोरिबिया चाम्पी कुठं राहते असं विचारलंत, तर माणूस आधी हसतो, मग डोक्यावरची टोपी नीट करतो आणि मग रस्ता दाखवतो. हसतो तो तिच्या जिभेमुळं. टोपी का नीट करतो, ते सांगायला जरा बसावं लागेल.

बाई दिसायला काही नाही. बुटकी, रुंद, थंडीनं फुटलेले लाल गाल, दोन वेण्यांची टोकं पाठीवर एकत्र बांधलेली. हातात सदा टकळी. चालताना टकळी, बटाटे राखताना टकळी, भांडतानासुद्धा टकळी. समोरच्याचा धीर तुटतो, हिचं सूत तुटत नाही. खिंडीपलीकडच्या गावातून निकासियोची बायको होऊन आली, तेव्हा सासू शेजारणीला म्हणाली होती, "पलीकडच्या बाया मऊ असतात, टिकायची नाही." नवी नवरी चुलीपुढून म्हणाली, "बटाटासुद्धा उकडल्यावरच मऊ होतो, आई. मला अजून कुणी उकडलेलं नाही." सासू त्या दिवशी रागावली. पुढं मरेपर्यंत हीच गोष्ट ती पाहुण्यांना कौतुकानं सांगायची.

गाव उंचावर. मका तर सोडाच, बटाटासुद्धा इथं विचार करून उगवतो. आणि गावाच्याही डोक्यावर जुन्यांचं गाव. इंकांनी बांधलेलं, असं बाहेरचे म्हणतात. आम्ही नुसतं जुन्यांचं म्हणतो. कुठूनतरी वाट चुकून एखादा परदेशी येतो, दगडांच्या फटीत सुई जाते का बघतो, जात नाही म्हणून खूश होतो आणि धापा टाकत उतरतो. गावातली माणसं सुईनं कपडे शिवतात. त्यांना जुन्यांच्या गावाचं काम वेगळं आहे. वरच्या तळ्याचं पाणी दगडी पाटानं आधी तिथंच येतं. पडक्या भिंतींमधून फिरतं आणि शेवटच्या चौकात वाटणीच्या दगडापाशी त्याचे दोन वाटे होतात. एक तोंड वरच्या अंगाच्या शेतांना, एक खालच्या अंगाच्या. जुने लोक गेले, त्यांचे राजे गेले, पण पाट वाहतोच आहे. दरवर्षी ऑगस्टात, पेरणीच्या आधी, सगळा गाव सावड करून तो उपसतो. त्या दिवसापासून वर्षभर पाण्याचा कारभार पाटकऱ्याच्या हातात. त्याची खूण म्हणजे चांदीची कडी घातलेली काळी काठी.

ती काठी नवरा-बायकोला मिळून मिळते. एकट्याला नाही. आमच्याकडं एकटं माणूस म्हणजे एका पायातली चप्पल. फेकवत नाही आणि घालताही येत नाही. नवरा काठी धरतो, बायको पाण्याला मक्याची दारू शिंपडते, आणि दोघं मिळून वाटणीच्या दगडावर गवताची ढेपं लावून दोन्ही तोंडं ठरवतात. ज्या घरानं काठी वाहिली, त्या घराला सभेत भिंतीला टेकून बसायचा मान. बाकीच्यांनी मध्ये वाऱ्यात बसायचं. भिंतीला बसणारा बोलला तर लोक ऐकतात. मधला बोलला तर म्हणतात, वारा आला.

निकासियो आणि तोरिबिया पायरीपायरीनं चढत आले होते. आधी निरोप्याचं काम केलं. मग सणाच्या मेणबत्त्यांचा खर्च उचलला, त्यात कळपातले दोन लामा विकावे लागले. त्या ऑगस्टात काठी त्यांच्या घरी यायची होती. मार्चमध्ये गारांच्या पावसात निकासियो तीन दिवस मेंढरांमागं भिजला, छातीत कफ धरला, आणि गेला.

गावानं तोरिबियाला सगळं दिलं. तिचे बटाटे काढून दिले, घराचं गवत बदलून दिलं, मुलगी दामियाना दुसऱ्या गावी नांदत होती तिला घेऊन आले. फक्त काठीचं नाव कुणी काढलं नाही. पाळी पुढच्या घराला जाणार हे कुणी ठरवलंसुद्धा नाही. ते ठरलेलंच होतं.

"जाऊ दे ना गं आई," दामियाना म्हणाली. "काठी घेऊन काय करायचंय? नुसतं लोकांना दारू पाजायची आणि शिव्या खायच्या."

"शिव्या मी फुकट खाते आहेच," तोरिबिया म्हणाली. "मानाच्या खाईन."

पण तिला काय लागलं होतं ते मुलीला कळत होतं. अठरा वर्षं दोघांनी ज्यासाठी कष्ट केले, ते तोंडाशी येऊन परत जाणार होतं. आणि उरलेलं सगळं आयुष्य तोरिबियानं वाऱ्यात बसायचं, कालच्या लग्न झालेल्या पोरींबरोबर, आणि तोंड उघडलं की वारा आला.

सभा जुन्यांच्या गावातल्या मोठ्या दालनात भरते. छप्पर कधीच गेलंय, भिंती मात्र कालच्या वाटाव्यात अशा. शंख वाजला, माणसं जमली, चघळायला कोकाची पानं फिरली. मावळता पाटकरी लिबोरियो काठी मांडीवर घेऊन भिंतीला टेकला होता. गावप्रमुख मेलितोन, जो मयतालासुद्धा विनोद केल्याशिवाय राहत नाही, तो पुढच्या घराचं नाव घेणार, तेवढ्यात तोरिबिया मधून उठली. टकळी हातातच.

"नाव चुकतंय," ती म्हणाली. "पाळी निकासियोच्या घराची आहे."

"वहिनी," मेलितोन म्हणाला, जरा जपूनच, "निकासियोला आम्ही विसरलो नाही. पण काठीला जोड लागते. बाईमाणूस एकटं—"

"घर मेलंय का? धूर निघतो माझ्या घरातून रोज."

"धूर निघतो, आणि तोंडातून जाळही निघतो," भिंतीकडून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

लिबोरियो हसला नाही. "तोरिबिया, नियम मी केलेला नाही. जुन्यांपासून आहे. दोन माणसं पाहिजेत. भाऊ असेल तर आण."

"माझा भाऊ खिंडीपलीकडं. त्याला हे पाणी ओळखत नाही. खरं सांगू काका, मीसुद्धा त्याला फारशी ओळखत नाही."

"मग?"

तोरिबियानं सभेकडं पाहिलं. जोड म्हणून कुणाचं नाव घ्यायचं, हे ती घरून ठरवून आली होती. नणंद. गरीब, शांत, हो ला हो करणारी. पण नणंदेनं तिची नजर आपल्याकडं वळताना पाहिली आणि घाबरून डोक्यावरून शाल ओढली. आता काय करावं? तोरिबियाची नजर तशीच पुढं सरकली आणि जिथं थांबली, तिथं ती स्वतःसुद्धा दचकली असावी.

"जोड पाहिजे ना? ही घ्या," ती म्हणाली. "बासिलिया."

मग एकदम असा हशा फुटला की भिंतीवरचे पक्षी उडाले.

कारण बासिलिया सुत्ता आणि तोरिबिया यांचं वैर पोराटोरांनाही ठाऊक. बासिलियाची शेतं खालच्या अंगाला, तोरिबियाची वरच्या. ही म्हणायची तुझ्या नवऱ्यानं वाटणीच्या दगडावरचं ढेप सरकवलं. ती म्हणायची आधी तुझ्यानं. आणि मजा अशी, की भांडणाच्या आधी बासिलियानं दामियानाचं जावळ काढलं होतं. जावळ काढणारी आणि आई एकमेकींच्या कोमाद्रे होतात, म्हणजे एका लेकराच्या दोन आया. ते नातं देवासमोरचं, ते काही मोडत नाही. मग दोघी एकमेकींना शिव्यासुद्धा "कोमाद्रे" म्हणूनच द्यायच्या. "कोमाद्रे, चोर आहेस तू." "होय कोमाद्रे, आणि तू चोराची आई." बासिलियाचा नवरा जंगलाकडं सोनं शोधायला गेला तो परत आलाच नाही. तीसुद्धा एका पायातलीच चप्पल. तिच्या घराची पाळीही अशीच गुपचूप गेली होती, चार वर्षांपूर्वी. तेव्हा तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"मी?" बासिलियाच्या हातातली पानं खाली सांडली. "हिच्याबरोबर? त्यापेक्षा मी लामाबरोबर उभी राहीन."

"लामा तुला जवळ उभं करणार नाही, कोमाद्रे. थुंकेल."

"तू रोजच थुंकतेस, सवय आहे मला."

"दोन डाव्या चपलांची जोड होत नाही हो!" मेलितोन डोळे पुसत ओरडला.

तोरिबिया त्याच्याकडं वळली. "तुझ्या पायात काय आहे रे? कधी खाली बघितलंस? गेल्या सणाला दारू पिऊन दुसऱ्याची चप्पल घालून घरी गेलास, आणि महिनाभर तीच घालून फिरलास. चाललासच ना?"

आता भिंतीला बसलेलेही हसले, आणि हसणं मेलितोनकडं वळलं. त्या गडबडीत बासिलिया उठली. शाल झटकली. ती तोरिबियापेक्षा उंच, हाडं मोठी, बोलणं कमी.

"नियमात दोन माणसं लिहिलीत की नवरा-बायको?" तिनं लिबोरियोला विचारलं.

"लिहिलेलं काहीच नाही," लिबोरियो म्हणाला. "सांगत आलेत. दोन."

"मग मी उभी राहते. हिच्यासाठी नाही. चार वर्षांपूर्वी माझ्यासाठी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून."

लिबोरियोनं गालातली पानं दुसऱ्या गालात सरकवली. म्हातारा कडक, पण खोटा नाही. शेवटी म्हणाला, "पाणी ठरवेल. पाट उपसायच्या दिवशी काठी तुमच्या हातात देतो. पाण्याआधी दगडापाशी पोचायचं, ढेपं लावायची, उठून तोंड पाण्याकडं करायचं आणि टोपी काढून त्याला घ्यायचं. पाणी पाहुणा आहे. त्यानं तुम्हाला वाकलेलं गाठलं, त्याला पाठ दिसली, तर काठी तिथंच परत. कबूल?"

"कबूल," दोघी एकदम म्हणाल्या आणि एकमेकींकडं रागानं पाहिलं, जणू शब्द चोरला.

पाट उपसायचा दिवस म्हणजे आमच्याकडं लग्नापेक्षा मोठा. फावडी, टिकाव, पावे, ढोल, मक्याच्या दारूचे रांजण, उकडलेले बटाटे, वाटलेली मिरची. पुरुष गाळ काढता काढता बायांच्या नावानं गाणी रचतात, बाया दुप्पट झणझणीत परत करतात. त्या वर्षी सगळी गाणी दोन कोमाद्रेंवरच होती. दुपारपर्यंत पाट स्वच्छ झाला. वर तळ्याशी शंख वाजला, बांध फोडला, आणि पाणी सुटलं.

लिबोरियोनं काठी पुढं केली. आता ती धरायची कुणी?

"पाळी माझ्या घराची," तोरिबिया म्हणाली.

"माझ्या घराची तुझ्याही आधीची," बासिलिया म्हणाली.

वाद घालायला वेळ नव्हता. पाणी वळणावर दिसत होतं. शेवटी दोघींनीही धरली. तोरिबियानं वरचं टोक, बासिलियानं खालचं, आणि उरलेल्या हातात एकीच्या दारूचा भोपळा, दुसरीच्या मूठभर फुलं. काठी आडवी, दोघी एकामागं एक.

"अगं बायांनो, तिरडी आहे का ती?" मेलितोन धावता धावता ओरडला.

"झोप वर, बघू काठी तुला उचलते का!" बासिलिया म्हणाली. ती विनोद करते हे गावाला त्या दिवशी कळलं.

दोघी उतरल्या त्या मात्र झपाझपा. त्या उंचीवर पळणं म्हणजे छातीत विस्तव, पण एकीनं पाय हळू केला तर दुसरी काठीनं मागून ढकलत किंवा पुढून ओढत होती. थांबायला दोघींपैकी कुणीच तयार नाही. जुन्यांच्या गावात शिरल्या तेव्हा पाणी बरंच मागं होतं. लोक म्हणाले, झालं, जिंकल्या.

पण खरं काम तिथंच होतं. वाटणीच्या दगडापुढं दोन तोंडं, दोन ढेपं. आजवर काय व्हायचं? नवरा-बायको एकाच घरचे, एकाच अंगाचे. नवरा वाकून ढेप लावायचा, बायको मुद्दाम दुसरीकडं बघायची, आणि एका तोंडाला बोटभर जागा जास्त राहायची. वर्षभर त्यांच्या अंगाला पाणी जरा बरं. काठी ज्याची, ओल त्याची. सगळ्यांना ठाऊक, कुणी बोलायचं नाही, कारण आपलीही पाळी येतेच.

इथं नवरा नव्हता. दोन अंगांच्या दोन बाया होत्या.

बासिलियानं ढेप ठेवलं. तोरिबियानं वाकून बघितलं. "कोमाद्रे, तुझ्या बाजूला मोकळं राहिलंय."

"तुझे डोळे तिरके आहेत, कोमाद्रे."

"वीत लाव."

"तुझी वीत आखूड आहे."

"मग तुझी लाव, पण दोन्हीकडं."

बासिलियानं वीत लावली. तोरिबियाचा विश्वास नाही; तिनं कमरेचा पट्टा सोडून मोजलं. बासिलियाचा पट्ट्यावर विश्वास नाही, ताणला की लांबतो. तिनं तोरिबियाच्या कंबरेची टकळी ओढून काठावर आडवी धरली. ढेप काढलं, चिमूटभर माती खरवडली, परत बसवलं. दोघी गुडघ्यांवर, चार हात चिखलात, दोन डोकी एकमेकींना आपटताहेत.

"पाणी आलं!" लोक ओरडले.

"तुझ्याकडचं जरा दाब."

"तू आधी दाब."

"पाणी आलं, बायांनो, उठा!"

आणि आलंच. थंडगार, फेसाळ, वाळलेली पानं पुढं ढकलत पाणी चौकात शिरलं, आणि त्यानं काय पाहिलं असेल? गावच्या दोन पाटकरणींचे घागरे. पुढं सरकून त्यानं दोघींचे पाय भिजवले, तेव्हा कुठं त्या किंचाळून उठल्या.

ढोलवाल्यानं हात थांबवला. लिबोरियो पुढं आला आणि त्यानं हात पसरला.

तोरिबियानं चिखलाचा हात तोंडावरून फिरवला. मान खाली गेली नाही.

"काका, काठी मागाल तर देते. शब्द दिलाय," ती म्हणाली. "पाहुण्याला पाठ दिसली हे खरं. पण तुम्ही सांगा, तुमच्या घरी पाहुणा येतो तेव्हा सातुर्नीना काकी कुठं असते? चुलीपुढं वाकलेली असते. पाहुण्याला तिचीसुद्धा पाठच दिसते. हात जोडून दारात उभी राहिली असती, तर पाहुण्याच्या ताटात काय पडलं असतं?"

सातुर्नीना गर्दीत होती. "हे मात्र खरं हो," ती मोठ्यानं म्हणाली. "चाळीस वर्षं हा दारात आणि मी चुलीपाशी."

लिबोरियोनं बायकोकडं पाहिलं नाही. तो दगडाकडं पाहत होता. तोवर वरच्या अंगाची माणसं आपल्या पाटाकडं आणि खालच्या अंगाची आपल्या पाटाकडं धावली होती, दरवर्षीसारखी, आपण किती फसलो ते बघायला. वरून आवाज आला, "इथं भरून आलंय!" आणि तो संपायच्या आत खालून, "इकडंही भरून!" दोन्हीकडची माणसं गोंधळली. असं कधी होत नसतं.

म्हातारा गुडघ्यांवर बसला. एक हात एका तोंडात घातला, दुसरा दुसऱ्यात. पाणी त्याच्या दोन्ही मनगटांना एकाच जागी लागत होतं. त्यानं हात काढले, परत घातले. त्याचं स्वतःचं शेत खालच्या अंगाला. गेल्या वर्षी बोटभर जागा कुणीकडं होती, ते त्याला ठाऊक होतं आणि समोरच्या दोघींनाही.

तो उठला. काठी घेतली नाही. रांजणापाशी गेला, लाकडी पेला भरला, टोपी काढून काखेत धरली आणि उभ्यानं तो तोरिबियापुढं केला. आमच्याकडं मावळता पाटकरी नव्या पाटकऱ्याला असा पेला देतो. त्यानंतर काही बोलायचं उरत नाही.

तोरिबियानं पेला घेतला. आधी धरणीमायला थेंब सांडले. मग ओठाला लावणार, तोच बासिलिया म्हणाली, "अर्धा माझा आहे, कोमाद्रे. टकळीनं मोजून घेईन."

शंख वाजला, ढोल वाजला, आणि मेलितोन दोघींच्या मध्ये नाचायला घुसला तर दोघींनी मिळून त्याला पाटात ढकललं.

वर्षभर दोघींनी काठी वाहिली. पहाटे पाटावर एक गेली की दुसरी मागं हजर, ही काय करते बघायला. ढेप हलवायला कुणाची हिंमत झाली नाही. एका बाईची नजर चुकवता येते, एकमेकींवर टपलेल्या दोघींची नाही. बटाटे दोन्ही अंगांना सारखे आले. पुढच्या ऑगस्टात नवं जोडपं उभं राहिलं, वरच्या अंगाचं, तेव्हा खालच्या अंगातून पहिलाच आवाज आला, की ढेप लावताना आमचंही एक माणूस वाकलं पाहिजे. सभेत तासभर भांडण झालं. शेवटी मेलितोननं भिंतीकडं पाहिलं आणि विचारलं, "तोरिबिया वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी बासिलिया, मध्ये हातभर जागा सोडून. तोरिबियानं टकळी थांबवली आणि सांगितलं की दोन्ही अंगांचं माणूस वाकलंच पाहिजे, आणि ती दोन माणसं एकमेकांशी बोलणारी नसली तर अधिक चांगलं. कुणी वारा आला म्हटलं नाही. तसंच ठरलं, आणि आजही तसंच चालतं.

मग ती पाठीमागं हात नेऊन दगड चाचपत बासिलियाला हळूच म्हणाली, "एवढ्यासाठी भांडले होय गं मी? पाठ गारठून गेली. मध्ये वाऱ्यात बरं होतं, निदान ऊन तरी होतं."

"मग जा की मध्ये."

"तू जा," तोरिबिया म्हणाली, आणि भिंतीला आणखी नीट टेकून बसली.